आधी टोक बघा, मग पिसं निवडा!

रीलमधला शिकारी आपल्या बाणाला जी पिसं लावतो, ती तुमच्या बाणाला चालतीलच असं नाही. तिरंदाजी करणाऱ्यांनी किंवा करायचा विचार असणाऱ्यांनी ऑर्डर देण्याआधी पाच मिनिटं काढून हे वाचा.

रात्री साडेअकरा वाजता हॉस्टेलच्या खोलीत तुम्ही मोबाइलवर काय बघता? वेब सीरिज, क्रिकेटचे हायलाइट्स, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाचे रील्स. माझी रूममेट बाणांचे व्हिडिओ बघते. ती आमच्या कॉलेजच्या तिरंदाजी टीमसाठी धडपडतेय, रिकर्व्ह धनुष्य वापरते. गेल्या जुलैत तिला असाच एक व्हिडिओ सापडला. अमेरिकेतला एक दाढीवाला शिकारी, अंगात झाडापानांच्या रंगाचं जॅकेट, हातात बाण. बाणाच्या मागे बोटभर लांबीची, किंचित पीळ देऊन चिकटवलेली नारिंगी पिसं. त्याने दोरी सोडली आणि बाण असा काही सरळ गेला की, आम्ही दोघींनी तो व्हिडिओ तीनदा बघितला.

"अगं, कसला जातोय बघ ना! माझे बाण शेपूट हलवत जातात," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तशीच चार इंची प्लास्टिकची पिसं ऑर्डर झाली. अर्ध्या महिन्याच्या मेसचे पैसे त्यात गेले. महिनाभर आम्ही दोघींनी मॅगीवर दिवस काढले, हे घरी कुणाला सांगू नका.

ऑगस्टभर पाऊस होता. ग्राउंडवर चिखल, त्यामुळे सराव शेडखाली, १८ मीटरवरून. तिथे नवी पिसं भारीच चालली. बाण अगदी एकमेकांना चिकटून बसायचे. सप्टेंबरच्या शेवटी विद्यापीठाची निवड चाचणी होती. तिच्या दोन दिवस आधी ग्राउंड उघडलं आणि तिने पहिल्यांदा ७० मीटरवर नेम धरला. बाण टार्गेटच्या अलीकडे गवतात. धनुष्यावरची साइट ती खाली सरकवत गेली, अगदी शेवटच्या खुणेपर्यंत. तेव्हा कुठे बाण टार्गेटच्या खालच्या काठावर लागायला लागले. त्यात वारा सुटला की एक बाण उजवीकडे, एक डावीकडे. ट्रायलच्या दिवशीही तेच. टीममधली जागा ४ गुणांनी गेली.

संध्याकाळी सर आमच्याजवळ येऊन बसले. ओरडले नाहीत. तिचा एक बाण हातात घेतला आणि विचारलं, "कुणाचं बघून लावलीस गं ही पिसं?" तिने व्हिडिओ दाखवला. सरांनी तो मध्येच थांबवला. "याच्या बाणाच्या पुढे काय आहे?"

आम्ही पहिल्यांदाच नीट बघितलं. पुढे तीन धारदार पाती होती, ब्लेडसारखी.

"आणि तुझ्या?"

"साधा पॉइंट, सर."

"मग पिसं त्याची कशाला घेतलीस?"

हा लेख त्या एका प्रश्नातून निघालाय. त्या दिवसापासून मी सरांच्या आणि सीनियर्सच्या मागे लागून जे समजून घेतलं, ते तुमच्यासमोर मांडतेय. बाणाची पिसं निवडायची असतील तर सुरुवात मागून करायची नाही. सुरुवात टोकापासून करायची.

शटलकॉक आठवतंय ना?

बाणाला पिसं कशासाठी? दिसायला? नाही. बॅडमिंटनचं शटल कसंही मारा, उलटं मारा, आडवं मारा, हवेत ते वळतं आणि बुचाची बाजू पुढे करूनच जातं. वजन पुढे, पिसारा मागे, म्हणून असं होतं. हवा पिसाऱ्याला मागे ओढते आणि जड बाजू आपोआप पुढे येते. बाणाचं गणित हेच. बाणाचं टोक जड असतं, त्यामुळे त्याचा तोल मधोमध नसून थोडा पुढे असतो. शेपटीकडची पिसं हवेत अडतात. बाण जरा तिरका झाला की हवा त्या पिसांना ढकलून त्याला पुन्हा रेषेत आणते. या सगळ्या पिसांच्या जोडणीला मैदानावर सगळे 'फ्लेचिंग' म्हणतात. प्लास्टिकचं असेल तर 'वेन', खरं पीस असेल तर 'फेदर'.

आता गंमत अशी की, बाण धनुष्यातून सुटतो तेव्हा तो सरळ नसतोच. दोरी मागून जोरात ढकलते, पुढचं जड टोक जागचं हलायला वेळ लावतं आणि मधली काडी, म्हणजे शाफ्ट, चक्क वाकतो. रिकर्व्हमध्ये बोटांनी दोरी सोडतात, त्यामुळे तो आडवा वाकतो आणि मासळीसारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून पुढे जातो. स्लो मोशनमध्ये एकदा बघाच. ही वळवळ लवकर शांत करणं हेही पिसांचं काम.

संस्कृतात बाणाच्या पिसं लावलेल्या शेपटीला 'पुंख' म्हणतात. हा शब्द जुना वाटला तरी तुम्ही राहता तिथल्या माळावर तो उगवलेला असू शकतो. 'शरपुंखा' किंवा 'उन्हाळी' नावाचं जांभळट फुलांचं झुडूप असतं. त्याचं छोटं पान दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढा. ते सरळ फाटत नाही, इंग्रजी 'व्ही'च्या आकारात तुटतं, हुबेहूब बाणाच्या पिसाऱ्यासारखं. नाव पडलं ते त्यावरून. महाभारतातही बाणांना 'कंकपत्र', 'गार्ध्रपत्र' अशी विशेषणं येतात, म्हणजे कंक पक्ष्याची किंवा गिधाडाची पिसं लावलेले बाण. कुठल्या पक्ष्याचं पीस लावायचं हा प्रश्न तेव्हाही होताच की!

शिकाऱ्याच्या बाणाला मोठी पिसं का?

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार बंद आहे. धनुष्य असो वा बंदूक, गुन्हा तो गुन्हाच. अमेरिकेत मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या नियमांनी धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता येते. इंटरनेटवर बाणांबद्दलचा बराचसा सल्ला तिथल्या या शिकाऱ्यांकडून येतो. म्हणून तो सल्ला कुठल्या परिस्थितीसाठी आहे, हे समजून घेतलं पाहिजे.

शिकारीच्या बाणाला पुढे 'ब्रॉडहेड' असतं, म्हणजे रुंद, धारदार पात्यांचं टोक. ही पाती हवेत छोट्या पंखांसारखी वागतात. बाण सुटताना जरा तिरका झाला, तर पुढचे हे पंख हवा पकडतात आणि बाणाला भलतीकडेच न्यायला लागतात. थोडक्यात, गाडीला दोन स्टिअरिंग झाली. एक पुढे, एक मागे. मागचं स्टिअरिंग जिंकायचं असेल तर ते मोठं हवं. म्हणून मागे चार इंची वेन, किंवा दोन इंची पण उंच आणि कडक वेन, आणि बहुतेक वेळा पीळ देऊन. पारंपरिक लाकडी धनुष्य वापरणारे तर पाच इंची खरी पिसं लावतात.

काही ब्रॉडहेडची पाती उडताना मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात. तिथे पुढचे पंख जवळपास नसतातच, म्हणून मागेही लहान वेन पुरतात. म्हणजे एकच शिकारी, एकच धनुष्य, तरी टोक बदललं की पिसं बदलली.

दुसरा मुद्दा अंतराचा. धनुष्यबाणाने शिकार बहुतेक वेळा २०-३० मीटरच्या आतच केली जाते. एवढ्या अंतरात मोठ्या पिसांमुळे बाणाचा वेग थोडा कमी झाला तरी फरक पडत नाही. बाणाची वळवळ पहिल्या काही मीटरमध्येच थांबली पाहिजे, हे जास्त महत्त्वाचं.

तिसरा मुद्दा आवाजाचा. मोठी पिसं हवेत फुस्स आवाज करतात. हरणाचे कान किती तिखट, हे आपल्याला माहीत आहे. दोरीचा आवाज आला की ते दचकून खाली दबतं आणि बाण पोचेपर्यंत त्याची जागा बदललेली असते. म्हणून शिकारी पिसं हवी तेवढीच मोठी ठेवतो, उगाच आणखी मोठी नाही.

चौथा मुद्दा पावसाचा आणि दवाचा. ओलं झालेलं खरं पीस शाफ्टला चिकटून बसतं आणि मग ते काहीच काम करत नाही. पहाटेच्या ओल्या गवतातून जाणारा शिकारी म्हणूनच बरेचदा प्लास्टिक निवडतो.

आणि या सगळ्याच्या मागे एक गंभीर गोष्ट आहे. टार्गेटवर बाण हातभर बाजूला गेला तर आपले गुण जातात. तिथे बाण हातभर बाजूला गेला तर एक प्राणी जखमी होऊन जंगलात पळतो आणि वेदनेने कुठेतरी मरतो. शिकार योग्य की अयोग्य यावर तुमचं-माझं मत काहीही असो, पण तिथला जबाबदार माणूस पिसांवर एवढा वेळ का घालवतो, हे कळतं. त्याच्या मोठ्या पिसांमागे अशी कारणं आहेत. आम्ही कारणं सोडली आणि पिसं तेवढी उचलली.

खरं पीस की प्लास्टिक?

खरी पिसं बहुतेक टर्कीची असतात. त्यांचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती दबतात. बाण धनुष्याच्या लाकडाला किंवा मुठीला घासून गेला तरी पीस आडवं होतं आणि बाणाला धक्का बसत नाही. प्लास्टिक तिथे आपटतं आणि बाण उडवून लावतं. म्हणून ज्या धनुष्याला बाण टेकवायला वेगळा रेस्ट नाही, त्याला खरं पीसच हवं.

दुसरा गुण वजनाचा. चार इंची प्लास्टिकच्या वेनचं वजन साधारण ८ ग्रेन भरतं, तेवढ्याच पिसाचं २ ते ३ ग्रेन. (एका ग्रॅममध्ये साधारण १५ ग्रेन.) फरक चिमूटभर वाटतो, पण तीन वेन म्हणजे शेपटीला एक ग्रॅमच्या आसपास जास्तीचं ओझं. शेपूट जड झाली की बाणाचा तोल मागे सरकतो, आणि शटलकॉकचं गणित आठवा, तोल मागे सरकला की बाणाला सरळ ठेवणं अवघड होतं. म्हणजे बाण स्थिर व्हावा म्हणून मोठी वेन लावली आणि तिच्याच वजनाने स्थिरता थोडी खाल्ली.

प्लास्टिकचे फायदेही आहेत. पावसात चालतं, सगळ्या वेन एकसारख्या मिळतात, टिकतंही जास्त. कंपाऊंड धनुष्याला बाण सुटताच खाली पडणारा रेस्ट असतो, त्यामुळे वेन आपटायचा प्रश्नच येत नाही. काही रेस्टना चहूबाजूंनी ब्रशसारखे केस असतात, त्यातून खरं पीस वारंवार गेलं तर त्याची दशा होते. तिथेही प्लास्टिकच बरं.

एक टिप. खरी पिसं दप्तरात चुरगळली तर फेकू नका. उकळत्या पाण्याच्या वाफेवर थोडा वेळ धरा, पुन्हा उभी राहतात. आमच्या हॉस्टेलच्या चहाच्या किटलीवर हा प्रयोग यशस्वी झालाय. हात मात्र सांभाळा.

आणि हो, जुन्या ग्रंथात गिधाडाची पिसं असली तरी तुम्ही रानात पिसं गोळा करत फिरू नका. वन्य पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण आहे. दुकानात मिळणारी पिसं पाळीव पक्ष्यांची असतात.

सरळ, तिरकं की पिळाचं?

पिसं शाफ्टवर तीन प्रकारे बसवता येतात. एकदम सरळ रेषेत, एक-दोन अंश तिरकी, किंवा शाफ्टभोवती पीळ देऊन. तिरकं किंवा पिळाचं पीस बाणाला स्वतःभोवती फिरवतं. फिरणारा भोवरा जसा पटकन कलंडत नाही, तसाच फिरणारा बाण रेषा सोडत नाही. शिवाय शाफ्ट किंवा टोक किंचित वाकडं असेल तर फिरण्यामुळे ती चूक सगळ्या बाजूंना वाटली जाते. पण या फिरण्याची किंमत वेगाने मोजावी लागते. जितका पीळ जास्त, तितका हवेचा अडथळा जास्त.

खऱ्या पिसांत एक सापळा आहे. पक्ष्याच्या डाव्या पंखाचं पीस एका बाजूला वळलेलं असतं, उजव्या पंखाचं दुसऱ्या. पाकिटावर 'लेफ्ट विंग' किंवा 'राइट विंग' लिहिलेलं असतं. एका बाणावर दोन्ही मिसळली तर ती एकमेकांशी भांडत राहतील. अख्खा संच एकाच बाजूचा घ्या.

पिसं तीन की चार? तीन हा फार जुना आकडा. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात 'ओत्झी' हा सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याच्या भात्यात १४ बाण होते, त्यातले दोनच पूर्ण तयार. त्या दोघांनाही तीन-तीन पिसं, झाडाच्या डांबरासारख्या चिकाने चिकटवून वर दोऱ्याने गुंडाळलेली! आजही बहुतेक बाणांना १२० अंशांवर तीन पिसं असतात. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असतं. रिकर्व्हमध्ये ते धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे बाकीची दोन अडखळत नाहीत. चार पिसं लावली तर प्रत्येक पीस थोडं लहान ठेवता येतं आणि पकड तेवढीच मिळते, पण वजन आणि काम वाढतं.

मग आपल्या मैदानावर काय?

आता टार्गेटच्या बाणाचं टोक बघा. गुळगुळीत, निमुळतं, पाती नाहीत. पुढे हवा पकडणारं काहीच नाही, म्हणजे मागचं स्टिअरिंग लहान चालतं. आणि अंतर? रिकर्व्हचं ७० मीटर. तिथे टार्गेट १२२ सेंटिमीटरचं, त्यातला दहाचा गोल १२.२ सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या नाश्त्याच्या बशीपेक्षाही लहान. बाण तिथे पोचायला सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेतो आणि तेवढा सगळा वेळ बाजूचा वारा त्याच्या पिसांना ढकलत असतो. मोठं पीस म्हणजे वाऱ्याला आयतं शीड. माझ्या रूममेटचे बाण १८ मीटरवर शहाणे आणि ७० मीटरवर वेडे का झाले, ते इथे कळतं. मोठ्या पिसांनी वळवळ लगेच थांबवली, पण पुढच्या ५० मीटरमध्ये वेग खाल्ला आणि वाऱ्याला दार उघडून दिलं.

म्हणून रिकर्व्हचे मोठ्या पातळीवरचे बरेच खेळाडू गुंडाळलेल्या पातळ प्लास्टिकची छोटी 'स्पिन' वेन वापरतात. वजनाला नगण्य, पण बाणाला गरागरा फिरवणारी. रेस्टला लागली तर दबते. नाजूक असते, फाटते, पण दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने दुसरी लावायला वेळ लागत नाही.

कंपाऊंडचं अंतर ५० मीटर आणि दहाचा गोल ८ सेंटिमीटरचा. तिथे बाण अधिक वेगाने आणि कमी वळवळत जातो, म्हणून दोन इंचांच्या आसपासची बुटकी, कडक वेन पुरते. या खेळात किती बारीक फरकांवर निकाल लागतो, ते बघायचं असेल तर २०२३ ची बर्लिनची जागतिक स्पर्धा आठवा. साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी अंतिम सामना १४९-१४७ असा जिंकली, म्हणजे १५ बाणांत तिचा फक्त एक गुण गेला. नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचा अंतिम सामना १५०-१४९ असा जिंकला, एकही गुण न गमावता. त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा एक बाण जेमतेम नऊच्या गोलात गेला आणि तो रौप्यपदकावर थांबला. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असणार आहे. तेव्हा कॉलेजच्या ग्राउंडवर कंपाऊंडवाल्यांची गर्दी वाढली तर आश्चर्य नको.

आपल्याकडे 'इंडियन राउंड'ही असतो, लाकूड-बांबूच्या धनुष्याचा, ५० आणि ३० मीटरवरून. धनुष्य साधं, साइट वगैरे थाट नाही. तुमचा बाण धनुष्याला घासत जात असेल तर इथे मऊ पिसाचा विचार नक्की करा. आणि १८ मीटरच्या इनडोअर स्पर्धेत वारा नाही, अंतर कमी, त्यामुळे तिथे मोठी पिसं लावणारे चांगले खेळाडूही आहेत. म्हणजे आमची नारिंगी पिसं वाईट नव्हतीच. चुकीच्या स्पर्धेत उतरली होती.

पिसं चुका लपवतात

सरांनी त्यानंतर जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. त्यांनी रूममेटच्या दोन बाणांची पिसं पूर्ण काढून टाकली. "आता हे मार," म्हणाले. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

याला 'बेअर शाफ्ट' चाचणी म्हणतात. १८-२० मीटरवरून तीन-चार पिसांचे बाण मारायचे आणि मग एक-दोन बिनपिसांचे. बाण शाफ्टच्या ताठपणाच्या दृष्टीने धनुष्याला योग्य असेल, तर बिनपिसांचा बाणही बाकीच्यांच्या जवळच जाऊन बसतो. उजव्या हाताने दोरी खेचणाऱ्या रिकर्व्ह खेळाडूचा बिनपिसांचा बाण डावीकडे गेला, तर शाफ्ट गरजेपेक्षा ताठ आहे. उजवीकडे गेला, तर जास्त लवचीक आहे. हे कोच जवळ असतानाच करा, मागे मोठा अडथळा असू द्या, कारण बिनपिसांचा बाण कुठेही जाऊ शकतो.

तिचा बाण वीतभर डावीकडे गेला. म्हणजे मूळ दुखणं शाफ्टचं होतं. बाण शेपूट हलवत जात होते ते पिसं लहान होती म्हणून नव्हे, शाफ्ट तिच्या धनुष्याच्या ताकदीला जास्त ताठ होता म्हणून. मोठ्या पिसांनी ते १८ मीटरवर झाकलं आणि महिनाभर आम्हाला वाटलं, सगळं छान चाललंय. दुखण्यावर पेनकिलर घेऊन ट्रायलला गेल्यासारखं झालं. सरांनी थोडं जड टोक बसवून शाफ्ट सैल वागवला आणि मगच पिसांचा विषय काढला.

चिकटवताना

पिसं लावणं हे रांगोळीसारखं हात बसण्याचं काम आहे. फ्लेचिंग जिग नावाचं छोटं यंत्र असतं, त्यात बाण धरला की प्रत्येक पीस ठरलेल्या कोनात बसतं. प्रत्येकाने स्वतःचं घ्यायची गरज नाही, टीममध्ये एक पुरतं. शाफ्ट आधी स्पिरिटने पुसून कोरडा करा, तेलकट बोटं पुन्हा लावू नका. गोंद कमी लावा. मी पहिल्याच दिवशी उत्साहाने जास्त लावला आणि माझी दोन बोटं बाणाला चिकटून बसली. ती सोडवेपर्यंत सीनियर्सनी फोटो काढले, ते अजून ग्रुपवर फिरतात. सगळ्या बाणांवर पिसं नॉकपासून सारख्याच अंतरावर हवीत. बारापैकी एका बाणाचं पीस जरा पुढे-मागे झालं तरी तो बाण आपला वेगळा संसार थाटतो.

ऑर्डर देण्याआधी स्वतःला हे विचारा

१. माझ्या बाणाच्या पुढे काय आहे? टार्गेटचं गुळगुळीत टोक असेल तर लहान पिसांपासून सुरुवात करा.
२. मी किती अंतरावर खेळणार? इनडोअर १८ मीटर आणि आउटडोअर ७० मीटर यांना एकच पीस कदाचित चालणार नाही.
३. बाण धनुष्याला किंवा रेस्टला घासतो का? घासत असेल तर खरं पीस किंवा दबणारी वेन.
४. पाऊस आणि वारा किती? ओलाव्यात प्लास्टिक, वाऱ्यात बुटकं आणि लहान.
५. बिनपिसांचा बाण मारून बघितला का? नसेल, तर पैसे अजून खिशातच ठेवा.

आणि कुणाचा व्हिडिओ बघून काही घेणार असाल, तर तो व्हिडिओ थांबवा आणि त्याच्या बाणाचं टोक झूम करून बघा. आम्ही हे एका पॉजने वाचवू शकलो असतो, त्याला आम्हाला एक ट्रायल लागली.

रूममेटच्या बाणांना आता पोपटी रंगाची छोटी स्पिन वेन आहे. रोज सकाळी साडेसहाला ती ग्राउंडवर असते, आणि प्रत्येक सरावाची सुरुवात एका बिनपिसांच्या बाणाने करते. उरलेला एक नारिंगी पिसांचा बाण आमच्या टेबलवर पेनांच्या ग्लासात उभा आहे. पुढची निवड चाचणी पुन्हा सप्टेंबरातच. गेल्या रविवारी ७० मीटरवर तिची साइट मधल्या खुणेवर होती आणि सहाच्या सहा बाण टार्गेटवर होते. दहात किती, ते तिने सांगू नको म्हटलंय.

तुमच्या कॉलेजात तिरंदाजी आहे का, हे माहीत नसेल तर उद्या जिमखान्यात जाऊन विचारा. नाव नोंदवा. धनुष्य-बाण बहुतेक ठिकाणी सुरुवातीला तिथलेच मिळतात. त्या बाणांची पिसं थोडी झिजलेली असतील. असू देत. आधी नुसतं मारून बघा.